नामांकन म्हणजे प्रवेश नव्हे

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. स्कॉट्सब्लफ, नेब्रास्का.
साखर कारखान्यातून शिजलेल्या बीटचा वास येतोय;
एकवीस वर्षं झाली, कोटाच्या अस्तरातून तो जात नाही.
मी खुर्च्या मांडते: पलीकडे पाच, अलीकडे एक.
फायली लावते. लाल पट्टी नौदलाची, हिरवी लष्कराची.

काँग्रेसमन साहेब वॉशिंग्टनात. त्यांच्या वतीने बसतात
निवृत्त कर्नल रज, गुरांच्या डॉक्टर हॉस्टेटलरबाई,
बँकेचे एक, शाळेचे एक, आणि आणखी एक,
ज्यांना मुळात कुणी बोलावलं ते आता कुणालाच आठवत नाही.

नियम मला झोपेतही पाठ.
एका अकादमीत एका वेळी साहेबांची पाचच मुलं.
एक बाहेर पडलं की एक जागा,
आणि त्या जागेसाठी पाठवायची पानभर नावं.
वय सतरा ते तेवीसच्या आत. लग्न झालेलं नको, मूल नको.
दोन सिनेटरांची दारं आहेतच, तीही ठोठावा,
असं मी प्रत्येकाच्या आईला फोनवर सांगते.

मारिसोल ओन्तिवेरोस. तिची आजी बीट खुरपायला टेक्सासहून आलेली.
का जायचंय, विचारलं.
सकाळपासून चौघांनी देशसेवा म्हटलं होतं.
ती म्हणाली, "फी नाही म्हणून.
बदल्यात पाच वर्षं द्यायची. हिशेब केलाय मी."
कर्नलनी पेन खाली ठेवलं.
रागानं की कसं, मला खुर्चीतून दिसलं नाही.

मग लीलंड वीबे. बापाचा कोट, बाह्या बोटांपर्यंत.
धरणाच्या तलावापुढचं पाणी कधी पाहिलेलं नाही,
आणि अर्ज नौदलासाठी.
"समुद्र आवडला नाही तर?" हॉस्टेटलरबाई म्हणाल्या.
"इथलं गवत वाऱ्यात बघितलंय," तो म्हणाला,
आणि लगेच कान लाल झाले त्याचे.

दोघांचीही नावं गेली.
पत्र मीच टाइप करते. अभिनंदन पहिल्या ओळीत,
तिसरीत: नामांकन म्हणजे प्रवेश नव्हे.
तिसरी ओळ कुणी वाचत नाही.
मारिसोलच्या आईनं विचारलं, "म्हणजे झालं ना?"
म्हटलं, "दारापर्यंत आलात. कडी आतून आहे."

फेब्रुवारीत वीबेचा फोन. डोळ्यांची तपासणी.
जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा,
आणि त्याला दोन्ही सारखेच.
"आमचा ट्रॅक्टर हिरवा आहे," तो म्हणाला,
"हे मला लोक म्हणतात म्हणून माहीत होतं."
मी म्हटलं, कळवते. कुणाला कळवणार होते?

पुढच्या नोव्हेंबरात तो आला, आपणहून,
खुर्च्या मांडू लागायला.
मारिसोलचं कार्ड भिंतीवर होतं, ते त्यानं वाचलं.
मग फायलींचा गठ्ठा उचलला,
आणि लाल, हिरव्या, सगळ्या
एकाच ढिगात नीट रचून ठेवल्या.

मी काही बोलले नाही.
तो कॉफी आणायला गेल्यावर
वेगळ्या केल्या.