घोर

सोमवार ते शुक्रवार ब्रेंट ऑसगुड टायर विकतो,
शनिवारी-रविवारी दिग्दर्शक.
चार राक्षस, चार गोष्टी, एक सिनेमा. विनोदी.
यंग्सटाउन, ओहायो, बंद पडलेल्या मॉलचा तळमजला,
पूर्वी तिथं बुटांचं दुकान होतं,
शवपेटी सरकवली की पावलं मोजायची पट्टी सापडते अजून.

ध्वनी माझ्याकडे. म्हणजे मी आणि एक मायक्रोफोन,
त्याला आईच्या लोकरी मोज्याचं टोपरं.

रक्तपिपासूला सुळे गावातल्या दंतवैद्यानं बसवले,
फुकट, पडद्यावर नाव यावं एवढ्याच अटीवर.
बसले ते असे, की प्रेक्षकांची बसायची दातखीळ
त्याचीच बसली.
"मला तुझं लक्त हवंय," डोळे वटारून तो म्हणाला
आणि जिचा गळा चावायचा ती लोर्ना
हसता हसता शवपेटीत जाऊन पडली.
अकरा वेळा घेतला तो शॉट.
अकराव्यालाही लक्तच.

लांडगामाणसाचे केस गालिच्याचे,
पौर्णिमेला उगवायचे सोडून घामानं गळत राहिले.
मग गळतानाच चित्रित केले, फीत उलटी फिरवली.
ठरल्याहून बरी झालेली ती एकच गोष्ट.
ममीच्या पट्ट्या बंद झालेल्या इस्पितळातून,
खोक्यावर मुदत संपल्याची तारीख.
"बाई तीन हजार वर्षांची आहे," ब्रेंट म्हणाला, "तिला चालेल."
आणि दलदलीतला तो खवल्यांचा,
त्याच्यासाठी मोटेलचा तलाव आम्ही हिरवा केला;
सोमवारी मालकाचा मुलगा
कोपरापर्यंत हिरवा होऊन शाळेत गेला.

राहिलं गुरगुरणं.
विकत मिळतं ते, पण सगळी सोंगं आणता येतात,
पैशाचं तेवढं येत नाही.

तर माझे वडील. लॅडिस्लाव हुदाक.
एकतीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात रात्रपाळी,
दिवसा पडदे ओढून झोप.
आमच्या घरात सूर्य असेपर्यंत
कुणी मोठ्यानं बोललं नाही,
आई सुरीसुद्धा फडक्यावर ठेवायची.
"तुझा बाप दिवसा झोपतो, अंधार पडला की बाहेर पडतो,"
तिसरीत डॅरिल मला म्हणाला होता, "म्हणजे कोण, सांग?"
मी त्याच्या दंडाला चावले.

कारखाना गेला, झोपेची वेळ तीच राहिली.
आरामखुर्चीखाली मायक्रोफोन ठेवला,
चार तास.
तेच घोरणं संथ केलं, ममी झाली.
भरधाव केलं, लांडगा.
बादलीत स्पीकर बुडवून वाजवलं, दलदल.
रक्तपिपासूसाठी मात्र घोरणं नव्हतंच घ्यायचं,
मधला तो खंड घेतला,
श्वास अडतो आणि काहीच ऐकू येत नाही तो.
झाकण उघडण्याआधी तेवढंच.

पहिल्या खेळाला दोनशे माणसं आली,
अर्धी ब्रेंटची टायरची गिऱ्हाइकं.
वडील कोट घालून आले,
आणि नावं संपायच्या आत झोपले.

पडद्यावर शवपेटी. धूर.
घोर, घोर, आणि मग
काहीच नाही.
लोक हसायच्या तयारीत.
आईनं एकदम मान वळवली. पडद्याकडे नाही.
तिला तो खंड पाठ आहे,
कित्येक वर्षं ती तो मोजत आली आहे, उशीवर, बोटांवर,
आता मांडीवर.
मला वाटलं सांगावं, आई, तो मीच कापून चिकटवलेला आहे,
पण शेजारच्या खुर्चीतूनही
काही ऐकू येत नव्हतं.

पाच. सहा.
मागं कुणी तरी खोकलं.
सात. आठ.

मग आला.
"लक्त," रक्तपिपासू म्हणाला, थिएटर कोसळलं,
आणि आवाज पडद्यातून आला की खुर्चीतून
ते आईनं विचारलं नाही.
माझ्या हातातला पॉपकॉर्नचा डबा घेतला
आणि पहिल्यांदाच
समोर बघत खाऊ लागली.