पिवळ्या चिठ्ठ्या

मोठ्या पक्षांच्या मतचिठ्ठ्या सरकार पोचवतं.
आमच्या आम्हीच.
म्हणून इंगेयर्डच्या जुन्या व्होल्वोत मागे सात खोकी,
स्वीडनच्या उत्तरेत, सप्टेंबरात,
आणि एक थर्मास, ज्याचं झाकण हरवून
तीन निवडणुका झाल्या.

ती गाडी चालवते रस्त्याच्या अगदी मधोमध.
मी म्हणतो, समोरून लाकडांचा ट्रक आला तर?
ती म्हणते, आपल्या जाहीरनाम्यातच आहे.
हा तिचा एकमेव विनोद. दर चार वर्षांनी.

जाहीरनामा माझ्याच स्वयंपाकघरात लिहिलेला:
‘एकीकडे’ सतरा वेळा, ‘दुसरीकडे’ सोळा.
एक ‘दुसरीकडे’ कुठे सांडलं
ते मुद्रितं तपासतानाही सापडलं नाही.

दारोदार विचारतात, तळ्यात की मळ्यात?
बांधावर, मी सांगतो,
आणि दार लागायच्या आत
बांधाबद्दल सांगता येईल तेवढं सांगतो:
की तो कुणीतरी राखावा लागतो,
की पाणी त्याला दोन्हीकडून खातं.

कागद गिरणीतून काढलेला रूने ऑटोसन म्हणाला,
माझी नोकरी अर्धी गेली नाही, अख्खी गेली.
त्यावर आमच्याकडे एक परिच्छेद होता.
मी तो वाचून दाखवला नाही.

आत जायला चार टक्के लागतात.
आम्ही म्हणजे शून्य, मग टिंब, मग आणखी एक शून्य,
आणि मग कुठे आम्ही.
रविवारी रात्री टीव्हीवर आमचं नाव ‘इतर’ होतं.
इंगेयर्डने आवाज बंद केला, भांडी घासली.

बुधवारी जिल्ह्याच्या अंतिम मोजणीला गेलो,
का गेलो कोण जाणे.
ग्रानसेले गावाचा गठ्ठा सुटला.
तिथे आम्ही पोचलोच नव्हतो, पूल दुरुस्तीला होता,
खोकं तसंच परत आलेलं.
त्यात एक कोरी चिठ्ठी निघाली,
तिच्यावर पेन्सिलीने आमच्या पक्षाचं नाव,
एक अक्षर गळलेलं.
मोजणारी बाई चष्मा वर करून थांबली,
शेजारणीला दाखवली,
दोघींनी मान हलवली.
धरलं.

उरलेल्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर
इंगेयर्ड सामानाच्या याद्या करते,
दूध, बटाटे, डाव्या दिव्याचा बल्ब;
पुढच्या निवडणुकीपर्यंत पुरतात.

परतताना चाळीस किलोमीटर ती गप्प.
मग म्हणाली,
पेन्सिल घरून आणली असेल का त्या माणसाने?
केंद्रावर असते ठेवलेली, मी म्हणालो.
हं, ती म्हणाली. पण शोधावी लागली असेल.

समोरून ट्रक येत होता.
तिने वाट दिली.
थोडीशी.