धुक्याचं यंत्र

माझ्याकडे धुक्याचं यंत्र एकच आहे.
गुरुवारी ते आयर्लंडचं असतं,
शनिवारी पोलंडमधल्या एखाद्या पुसल्या गेलेल्या गावाचं.
शुक्रवारी मी त्यातलं पाणी बदलतो.

बाहेर माँट्रियलचा फेब्रुवारी, पायऱ्यांवर खडेमीठ.
आत माझं कपाट:
दलदलीच्या मातीच्या विटा, म्हणजे प्लास्टिकच्या, पोटात लाल बल्ब;
एक शाल, कात्रीनं जुनी केलेली;
सात काळ्या टोप्या, एकाच मापाच्या;
आणि कुणाच्याच आजोबांची नसलेली
एक चामडी बॅग.

अट्रॅक्टा गेराटी आली लिट्रिमहून, फिडल काखेत.
शेकोटीकडे बघून म्हणाली,
"आमच्याकडे धुरानं डोळे चुरचुरायचे.
दार उघडं टाकून वाजवायचो,
मग कोंबड्या आत यायच्या.
कोंबड्या कुठायत?"
शाल नाकारली. बाहीत गज अडकतो.
दिग्दर्शक म्हणाला, निदान डोळे तरी मिटा.
तिनं मिटले.
तिसऱ्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला.
नंतर विंगेत मला म्हणाली,
"निघताना गॅस बंद केला की नाही,
तेच आठवत होते रे."

शनिवारी फिशेल ब्लुमकिन, क्लॅरिनेट.
दिग्दर्शक म्हणाला, अजून थोडं रडू द्या तिला.
मला वाटलं, आता हा भडकणार.
तो टोपी डोक्यावर तिरकी करत म्हणाला,
"माझा पणजोबा लग्नात नवरीला स्टुलावर बसवून रडवायचा.
दर ठरलेला.
डोळे कोरडे राहिले तर सासरचे पैसे कापायचे.
हुंदका चार पिढ्यांचा धंदा आहे आमचा.
धुकं सोडा हवं तेवढं.
फक्त सांगा, देताय किती?"

त्या रात्री बर्फानं विमानं अडवली.
मी खुर्च्या उलट्या करत होतो.
खालच्या खोलीत दोघं
एका सुरावरून भांडत होती,
तो वाकवायचा की सरळ सोडायचा.
मग भांडण थांबलं आणि वाजू लागलं काहीतरी,
ना तिचं, ना त्याचं,
मध्येच चुकलेलं, पुन्हा मागून धरलेलं.

झाडू हातात, मी दारात.
ऊर भरून आला, हे कबूल.
हेच ते खरं, असं स्वतःला सांगणार
तेवढ्यात दिसलं:
अट्रॅक्टाचे डोळे मिटलेले.

गॅस?

विचारलं नाही.
वर गेलो,
यंत्राची टाकी हलवून बघितली,
पुढच्या गुरुवारपुरतं होतं.