सातव्या भागाविषयी

‘नऊ घाट’चा सातवा भाग आला.
एकच प्रत. सहाशे बारा पानं, किंमत ऐकून
मी पुरवठादाराला दोनदा विचारलं.
खाकी कव्हर, मागे तारखांची चिठ्ठी,
आणि वहीत एकोणीस नंबर,
त्यांतले दोन एकट्या गवाणकरांचे,
एक बायकोच्या नावानं.

कन्नमवार नगरात माझी लायब्ररी
पिठाच्या गिरणीला भिंत लावून उभी.
दुपारी पुस्तकं हलकी थरथरतात,
ज्वारी आली की जरा जास्त.

पहिले मिठबावकर. बेस्टमध्ये तिकीट तपासनीस होते,
अजूनही पुस्तक दोन बोटांत धरून
आधी मागची बाजू बघतात.
तीन दिवसांत परत. टेबलावर ठेवलं नाही, टाकलं.
“घोरपड कुठाय?
सहा भाग ती श्वासानं नद्या गोठवतेय,
आणि इथं तिचं शेपूटसुद्धा नाही!
दंड लावा लेखकाला, तावडे.”

सिस्टर फिलोमिना तुस्कानो रात्रपाळीत वाचतात.
म्हणाल्या, मृण्मा चाळिशीची झाली
आणि तिचे गुडघे दुखतात, हे बरं केलं.
तलवारवाल्या बायांचे गुडघे
कुणी लिहीतच नव्हतं.
पण ओहोटीची वाट बघत
मिठाच्या कोठारात एकशेचाळीस पानं?
“मी पेंगले हो. पेशंटच्या बेलनं उठवलं.”

अकरावीतला ओजस नकाशातली चूक घेऊन आला.
पाचव्या भागात सहावा घाट पूर्वेला होता.
त्यानं पेन्सिलीनं बाण काढला,
मी खोडला,
त्यानं पुन्हा काढला.
आता तो बाण छापलेलाच वाटतो.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत:
कोहिर तांडेलाला मारायला नको होतं.
मारायचंच तर तिसऱ्या भागात,
वादळात, शिडासकट.
हे असं कोठारात, खोकून खोकून,
कुणाचं लक्ष नसताना
नाही.
पान चारशे अठराच्या समासात
चार हस्ताक्षरांत निषेध आहेत.
गवाणकरांनी तर खाली तारीख घातलीय.

मला विचारतात, तुमचं मत?
मी सांगतो, बांधणी चांगली आहे.
लायब्ररीवाल्यानं मत दिलं
की पुस्तक एक तर फिरत नाही
किंवा परत येत नाही.

मग गुरुवारी नाझनीन मुकादम आली,
दळण टाकून, वेळ काढायला.
तिनं सातवाच उचलला, जाड म्हणून.
म्हटलं, आधीचे सहा वाचावे लागतील.
“गहू होईपर्यंतच बघते.”
उभ्या उभ्या, मधूनच उघडलं.

गिरणीवाल्यानं दोन हाका मारल्या.
पिठाचा डबा पायाशी आणून ठेवला, तो निवला.
मग तिनं मान वर केली:
“हा कोहिर कोण होता?”

तिघंही तिथंच होते, आणि एकदम सुरू झाले.
दोरीच्या गाठीत वारा कसा बांधायचा तो,
पोरगी घाबरली तेव्हा
समुद्र गुडघाभरच आहे असं कसं खोटं बोलला,
सिस्टर म्हणाल्या, त्याला डाव्या कानानं ऐकू यायचं नाही,
ओजस म्हणाला, उजव्या.
मिठबावकर रुमालाची गाठ मारून दाखवायला गेले
आणि ती त्यांना जमेना.
बराच वेळ जमेना.

नाझनीननं पान चारशे अठरा पुढे सरकवलं.
“कुणाचं लक्ष नव्हतं, असं लिहिलंय तुम्ही.
चौघांनी.
एकाच पानावर.”

कुणी काही बोललं नाही.
पलीकडे कुणाची तरी ज्वारी लागली,
फळ्या थरथरल्या.
ती पहिला भाग घेऊन गेली, डबा विसरून,
आणि डब्यासाठी परत आली.

रात्री मी खोडरबर घेऊन बसलो.
समास साफ करायचे, हा माझा नियम आहे, बाहेर पाटीवर लिहिलाय.
त्या पानावर, निषेधांच्या खाली,
पिठाचं एक बोट उमटलं होतं.
पुस्तक मिटलं.

आणि हो, मिठबावकरांनी
सातव्यासाठी पुन्हा नंबर लावलाय.
म्हणाले, घोरपड
मी नीट शोधली नसेल.