सातवा रकाना

केंद्रातून आलेला फॉर्म.
सहा रकाने मी टेम्पोतच भरले:
शाळा, वर्ग, मुलं सोळा, मुली अकरा,
ठिकाण नायगाव मयूर अभयारण्य, ता. पाटोदा,
जेवणाची सोय आपापला डबा.
सातव्यात छापलेलं: विद्यार्थ्यांनी काय शिकले?
मी भाषेचा मास्तर.
आधी 'विद्यार्थ्यांनी'खाली रेघ मारली,
मग पेनाला टोपण लावलं.

नाक्यावर वनरक्षक सुकेशिनी वाघमारे.
खाकी शर्ट, टाके घातलेले बूट, हातात बोरीची काठी.
म्हणाल्या, "मोर दिसेलच असं मी सांगत नाही.
त्यांनी मात्र तुम्हाला
टेम्पोतून उतरतानाच बघितलंय."
सत्तावीस तोंडं एकदम मिटली.
सहा वर्षांत मला हे जमलेलं नाही.

फेब्रुवारी. तरवड, हेकळ,
मागच्या मोसमाची सीताफळं
काळ्या मुठी आवळून फांद्यांवरच वाळलेली.
मुरूम सरकतो पायाखालून,
कुसळं मोज्यात, सलवारीच्या काठात.
वाटेवर पांढरं काहीतरी. सार्थकनं उचललं:
"सर, खडू!"
"तरसाची शी आहे ती," बाई म्हणाल्या.
हसून हसून पोरं खाली बसली.
बाईंनी काठीनं फोडून दाखवली:
हाडाचा चुरा, दोन राठ केस.
"मेलेलं पडून राहत नाही इथं. कुणीतरी संपवतं."
सार्थकनं हात चड्डीला पुसला,
आणि परत वाकून पाहिलं.

पुढं सिमेंटचा पाणवठा,
त्याच्यापर्यंत आलेली जाड चाकांची चाकोरी.
तबस्सुम म्हणाली, "इथंबी टँकर येतो?"
"येतो की. मार्चपासून, आठ दिवसाला."
"मग नंबर कोण लावतं?"
बाईंनाही लगेच सांगता आलं नाही.
काठाच्या चिखलात खुरं, पंजे, तीन बोटांची नक्षी,
एकावरून एक गेलेली,
एका वेळेची एकही नाही.
तबस्सुम बराच वेळ उकिडवी बसून होती.
तिच्या गल्लीत हंडे रात्रीच रांगेला लावतात.

मिथुन काळे सगळ्यांच्या मागं.
हजेरीला नुसता हात वर करणारा,
माळावरच्या वस्तीतून येणारा.
तो थांबला. तोंडाशी ओंजळ धरली.
कतीतर, कतीतर, कतीतर.
झुडपं गप्प.
मग उताराच्या खालून कुठून तरी
कतीतर.

"सर, त्याचा आजा फासे लावायचा!"
हे वाक्य त्या पोरानं घरून आणलं होतं,
डब्यासारखं.
मिथुनची ओंजळ खाली आली.
मी काहीतरी बोलायला हवं होतं.
मी पाण्याची बाटली उघडली
आणि न पिता झाकली.

बाई त्याच्याजवळ गेल्या.
"नर बोलला का मादी?"
तो खाली बघत राहिला. मग म्हणाला,
"दोघं. आधी तो. ती लगेच मागनं.
पिलं न्हाईत अजून. असती तर गप बसली असती."
बाईंनी घड्याळ बघून वहीत टिपलं,
आणि काठी त्याच्या हातात दिली.
"चल म्होरं."

मग तो, मग बाई, मग सव्वीस जण, मग मी.
तो थांबला की आम्ही थांबायचो.
का थांबलो, हे प्रत्येक वेळी कळायचंच असं नाही.
मोर दिसला नाही.
एक पीस सापडलं. ज्ञानदानं केसात खोवलं,
बाईंनी होतं तिथं ठेवायला लावलं.
ती रडली नाही,
दोनदा वळून बघितलं फक्त.

आता मधल्या सुट्टीत अख्खी शाळा तित्तर झाली आहे.
मुख्याध्यापक दोनदा बाहेर येऊन गेले.
फासे म्हणणारं पोरगंही ओरडतंय, चुकीचं.
मिथुन त्याचा गळा बोटानं दाबून सांगतो,
"हितनं न्हाई. टाळूतनं."

केंद्रातून दोन फोन आले.
फॉर्म माझ्या शबनममध्ये आहे,
घडीच्या आत एक कुसळ अडकलंय.
उघडायला गेलं की टोचतं.