दोना येऊन जाते

गेल्या उन्हाळ्यातली मानकुरादची पेटी
माळ्यावरून काढली, खिळे उपसले,
पुढची फळी चार बोटं उतरवली:
दोनाला आत उडी घेता यावी,
पिल्लांना बाहेर लोळता येऊ नये.
सेल्विन पट्टी धरून बसलेला.
म्हणाला, अंकल, आंब्याचा वास राहिलाय.
म्हटलं, राहू दे.
जन्मताना कसला तरी वास असतोच.

तळाला भाताचा पेंढा, उन्हात कडकडून वाळवलेला.
पिंजऱ्याच्या चार पायांखाली
पाण्यानं भरलेल्या चार करवंट्या,
कारण दिवाडीच्या हुमल्यांना
बाळंतपणाची बातमी सुईणीआधी लागते.
जाळीवर दुसरी जाळी, मुंगुसासाठी.
आणि कापितांवची, म्हणजे नराची,
रवानगी न्हाणीघरात.
दोन दिवस तो बादलीला धडका देत होता.
पोराला त्याची दया आली.
बायको बाळंत होते त्याच दिवशी हा गृहस्थ
पुन्हा तयार असतो, हे नऊ वर्षांच्या पोराला
कसं सांगायचं?
म्हटलं, घोरतो रे तो.

भिंतीवर सुतारी पेन्सिलीच्या एकतीस रेघा.
मी फेरीबोटीवरचा खलाशी, रात्रपाळीचा.
तिसाव्या रेघेच्या रात्री
जुन्या गोव्याच्या धक्क्यावर दोर टाकतोय
तर फोन. पोर कुजबुजतंय:
अंकल, ती स्वतःलाच सोलतेय.
छातीचे केस ओढून काढतेय तोंडानं.
काढू दे, म्हटलं. गादी भरतेय ती.
टॉर्च विझव. नीज जा.

पहाटे परतलो तेव्हा पेटीत
पांढऱ्या लोकरीचा ढीग
आतून श्वास घेत होता.
बोटानं जरासा बाजूला केला:
सोललेल्या सुंगटांसारखी गुलाबी,
डोळे मिटलेली, एकमेकांत शिरलेली
पाच.
सहावं कडेला. गार.
ते तिकिटांच्या रद्दीत गुंडाळून
बिमलीच्या मुळाशी पुरलं
सेल्विन दात घासून येईस्तोवर.
पाच झाली रे, म्हटलं.
तो काही बोलला नाही.

मग दिवसभर दोना
लांबच्या कोपऱ्यात, पाठ फिरवून.
गवत खाल्लं, कान झाडले,
पेटीकडे ढुंकून पाहिलं नाही.
शाळा बुडवून पोर समोर बसलं.
ही कसली आई, अंकल?
जवळ बसतसुद्धा नाही.

म्हटलं, जवळ बसली तर मुंगुसाला पत्ता लागतो.
त्याला ते पटलं नाही.
तेव्हा दुसऱ्या पहाटे पाळी सुटल्यावर
त्याला उठवून आणलं, चादरीसकट.
सव्वापाच झाले होते.
दोनानं उडी मारली आत.
आडवी झाली नाही, नुसती उभी राहिली,
आणि खाली तो ढीग उकळायला लागला.
मी घड्याळ धरलं.
चार मिनिटं.
मग बाहेर. पाणी प्याली. पुन्हा तो कोपरा.
पिल्लांची पोटं टच्च,
रव्याच्या लाडवांसारखी.
उद्यापर्यंत पुरतं त्यांना, म्हटलं.
एवढ्यावर वाढतात.

साडेपाचला आल्सिंदाचा फोन आला,
रोजच्यासारखा.
स्विंडनमध्ये तेव्हा मध्यरात्र, गोदामात सुट्टी,
मागं खोक्यांच्या पट्ट्याचा आवाज.
जेवलास? खोकला गेला? अंकलला त्रास देऊ नको.
सेल्विननं फोन पेटीवर धरला.
मम्मा, हळू बोल, म्हणाला,
आत्ताच झोपलीत.
पडद्यावर तिचा चेहरा खाली वाकला
आणि तसाच थांबला.
रेंज गेली की काय, कळेना.

बाराव्या दिवशी पहिलं डोळे उघडून बसलं.
सेल्विन अंगणातून आला,
चपलेला बिमलीखालची ओली माती.
सहा होती, अंकल.
त्या रात्री अंधारातच हात घालून मोजली होती मी.

मी करवंट्यांत पाणी भरायला घेतलं.
तीन भरल्या.
चौथी त्यानं भरली.