एका पेराएवढं

रात्रीचे तीन दहा. स्विंडनमधल्या या अरुंद घरात
रेडिएटर कुरकुरतो, थांबतो,
आणि मग जे उरतं ते ऐकू येतं:
खर्र, खर्र.
उंदीर नव्हे. आमची शाल्मली, चौदा महिन्यांची,
झोपेतच घोट्यावर घोटा घासतेय.

हातांना मोजे आहेत, बाहीलाच शिवलेले.
केतकीने शिवले, नाइट ड्यूटीला निघताना,
दातांनी दोरा तोडत सांगितलं:
आधी मलम, मग अर्धा तास, मग क्रीम.
की आधी क्रीम?
फ्रिजवर लिहून ठेवलंय. फ्रिज खाली आहे,
मी वर, आणि माझ्या खांद्यावर ही,
मानेच्या घडीतून
भिजवून विसरलेल्या कणकेचा वास.

तिसऱ्या महिन्यात गालांवर पहिल्यांदा उठलं.
आई फोनवर म्हणाली, दात येतायत.
सासूबाईंना वाटलं, केतकीने वांगं खाल्लं असणार.
शेजारची डोरीन एक फाटका मोजा घेऊन आली,
ओट्स भर, गाठ मार, आंघोळीच्या पाण्यात टाक.
सगळं केलं. वांगंही सोडलं,
जे इथे तसंही बेचवच मिळतं.

डॉक्टर म्हणाले, फारशी लाल दिसत नाही.
लाल कशी दिसेल?
तुमच्या पत्रकातली सगळी बाळं गुलाबी.
आमच्या पोरीची लाली जांभळट होते, मग राखाडी,
डोळ्यांना चुकवते, बोटांना सापडते.
मी त्यांचा हात धरला, चक्क धरला,
आणि तिच्या गुडघ्यामागे ठेवला.
मग त्यांनी लिहून दिलं.

स्टिरॉइड. त्या एका शब्दाने
घरात दोन दिवस अबोला.
तिसऱ्या दिवशी नर्स ब्रॉनविनने माझी तर्जनी सरळ केली,
टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत
ट्यूबमधून एक पांढरी रेघ ओढली.
एवढं. तुमच्या दोन तळहातांइतक्या कातडीला एवढं पुरे.
म्हणजे एक पेर!
भाताला पाणी किती, तर तांदळावर एक पेर.
मला रडू आलं, उगाच.
या देशात कुणीतरी मला येणारं माप सांगत होतं.

तेव्हापासून घर तेलकट आहे.
दाराच्या मुठी, रिमोट, माझा चश्मा.
चादरींवर बारीक तपकिरी ठिपके, धुतले तरी राहणारे.
मलमाच्या डब्यावर लिहिलंय, ज्योतीपासून लांब ठेवा,
म्हणून दिवाळीत ती काचेआडून
फुलबाजीकडे बघत होती, आणि काचेवर
तिच्या कपाळाचा गोल, धुरकट डाग,
जो मी अजून पुसलेला नाही.

शाल्मली म्हणजे सावर. नाव मी सुचवलं होतं.
आमच्या शाळेमागे होती एक,
खोडभर काटे; ते तोडून आम्ही शिक्के कोरायचो,
आणि चैत्र सरता सरता तिचीच बोंडं फुटून
वर्गात कापूस उडायचा.
केतकी म्हणते, तूच बघ काय नाव ठेवलंस.
ती हसत म्हणते. कधी कधी हसत नाही.

तीन चाळीस. मोजे उतरवले, बाह्या वर केल्या.
बघ, हा हात झाला. झालं गं, झालं.
मी हेच म्हणतो दर वेळी, पाठ केल्यासारखं.
तिने डब्यात बोट बुडवलं,
तिच्या पेराचं माप ते केवढं, मुगाच्या डाळीएवढं,
आणि माझ्या मुठीवर टेकवलं,
जिथे हात धुऊन धुऊन माझीच कातडी फुटलीये.
चोळलं. जरा जोरातच चोळलं.
मग माझ्याकडे बघून म्हणाली,
दालं.

झालं नव्हतं.
अजून दोन्ही पाय राहिले होते, आणि मान.